तारीख मागाहून

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मी एका संमतिपत्रावर गेल्या गुरुवारची तारीख घातली. प्रसूतिगृहाच्या फाइली सांभाळायला लागल्यापासून एकवीस वर्षांत असं प्रथमच केलं, म्हणून ही वही काढली. ही तक्रार नाही, आणि कबुली तर नाहीच नाही. मला गोष्टी लिहून ठेवायची सवय आहे, आणि ही गोष्ट प्रसूतिगृहाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये बसत नाही.

झालं ते असं. शिवणकाम करणारी एक बाई गुरुवारी सकाळी चार नंबरच्या खोलीत दाखल झाली. तिला कळांच्या सलाईनवर ठेवलं. दुपारी मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. मोठ्या इस्पितळात हलवलं, तिथे पिशवी काढावी लागली. जीव वाचला. आज तिचा नवरा कागद मागायला आला. डॉक्टर मॅडमनी फाइल मागवली, तर सलाईनच्या संमतिपत्रावर सही होती, तारीख नव्हती. गुरुवारी मी दाढ काढायला गेले होते, म्हणून राहिली.

"बाई, तेवढं पूर्ण करा," मॅडम म्हणाल्या.

मी पूर्ण केलं.

आमची पद्धत इथे लिहून ठेवते, नाहीतर मला स्वतःलाच उद्या हे विचित्र वाटेल. बाई नाव नोंदवायला आली की पहिल्याच दिवशी आठ कागदांवर सह्या घ्यायच्या: तपासण्या, सोनोग्राफी, इंजेक्शनं, कळांचं सलाईन, चीर, भूल, ऑपरेशन, रक्त. तारखेची जागा कोरी ठेवायची. ज्या दिवशी जे लागेल, त्या दिवशी त्या कागदावर मी तारीख घालते. ही पद्धत मीच बसवली. त्याआधी ऐन कळांमध्ये सह्यांसाठी नवरे शोधत फिरावं लागायचं. एक तर चहाच्या टपरीवर सापडला होता, तोही दुसरीचाच निघाला. मॅडमचे वडील तेव्हा दवाखाना चालवायचे. ते म्हणाले होते, "बाई, तुमच्यामुळे मी निवांत झोपतो."

आपण बसवलेली पद्धत आपणच एकदा वाकवली. एवढंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

वर्षाचा तक्ता पूर्ण केला. मंगळवार आणि गुरुवार मिळून तीन चतुर्थांश बाळंतपणं. वॉर्डातल्या बाया हसतात, "इथली बाळं रविवारची सुट्टी पाळतात हो." पाळतातच. नीट आखलेलं काम असंच असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

भाची आली होती. माझ्या पाठच्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्याला सहा वर्षं झाली. वीस मार्च ही भाचीच्या बाळंतपणाची तारीख. अजून कामावर जाते. इमारतींच्या लिफ्ट तपासून त्यांना दाखला देण्याचं तिचं काम आहे. तेवढं पोट घेऊन शिड्या चढते, आणि मी रागावले की म्हणते, "मावशी, मी शिडी तपासून चढते."

आज वही घेऊन आली. वहीत प्रश्न होते.

"मावशी, माझे कागद बघायला मिळतील?"

"कुठले?"

"पहिल्या दिवशी तू सह्या घेतल्यास ते."

"ते फाइलमध्ये आहेत. फाइल कपाटात आहे. आणि कपाट माझ्या ताब्यात आहे. आणखी काय?"

"किल्लीसुद्धा तुझ्याच कमरेला असेल."

"असणारच."

ती हसली. पहिल्या दिवशी तिला सगळं वाचून सही करायची होती. मागे बारा बायांची रांग होती. मी म्हटलं होतं, "घरच्या माणसाला कसले कागद? मावशीवर विश्वास नाही का?" तिने आठ सह्या ठोकल्या.

"मी लिफ्टमध्ये स्वतः चढल्याशिवाय दाखल्यावर सही करत नाही," ती आज म्हणाली. "आयुष्यात एकदाच न वाचता सही केली, ती तुझ्यासमोर."

"मग काय बिघडलं?"

"अजून तरी काही नाही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिवणवालीचा नवरा पुन्हा आला. साधा माणूस आहे, आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यांना कसं बसवायचं ते मला माहीत आहे.

"बाई, ती म्हणते, त्या दिवशी तिने कशावरच सही केली नाही."

"सही तिचीच आहे."

"हो, सही तिचीच आहे. सही निळी, तारीख काळी."

"माझ्या टेबलावर चार पेनं असतात," मी म्हटलं.

हे खोटं नाही. चारच असतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीची तपासणी. जावई बरोबर होता. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो आणि माझ्याशी बोलताना जमिनीकडे. मी दारात फाइल घेऊन उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

भाचीने बऱ्याच गोष्टींना आनंदाने हो म्हटलं. रक्त, साखर, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शन. प्रत्येक वेळी एवढंच विचारायची: याने फायदा काय, त्रास काय, नाही केलं तर काय. मॅडमनीही नीट उत्तरं दिली. त्या वाईट डॉक्टर नाहीत, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

मग मॅडम म्हणाल्या, "अडतीस आठवडे पूर्ण झाले की मंगळवार किंवा गुरुवार बघून आपण कळा आणू."

"का?"

"जास्त थांबण्यात धोका असतो."

"माझ्या बाबतीत असं काही दिसतंय? बीपी, पाणी, बाळाची वाढ?"

"आत्ता तरी सगळं उत्तम आहे."

"मग कारण दिसलं तर मला सांगा, मी लगेच हो म्हणेन. कारण नसेल तर मी थांबते."

मॅडम हसल्या. "लिफ्टवाल्या बाईंपुढे कोण बोलणार! ठीक आहे, बघू."

बाहेर आल्यावर हे फाइलमध्ये नोंदवावं असं मनात आलं. पण कुठे? आमच्या छापील कागदांत 'नको'साठी रकाना नाही. मॅडमनी ऐकलंय, तेवढं पुरे.

२३ फेब्रुवारी, रविवार

भाची जेवायला आली होती. भांडी मी घासली, तिने बसून पुसली. सहज मी बोलून गेले की मंगळवार-गुरुवारचं खरं कारण भूलतज्ज्ञ आहेत. ते याच दोन दिवशी आमच्याकडे असतात. इतर दिवशी अडचण आली तर फोन करा, वाट बघा. म्हणून मॅडम सगळी बाळंतपणं त्या दोन दिवसांत ओढतात.

तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"हे त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

"मी 'का' म्हणून विचारलं, मावशी. याला विचारणं नाही म्हणत तर कशाला म्हणतात?"

मी पुढचं भांडं घासायला घेतलं.

"आणि हे चांगलं कारण आहे," ती म्हणाली. "हे सांगितलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. नाहीतर मोठ्या इस्पितळात नाव घातलं असतं, तिथे भूलवाले रोज असतात. दोन्हींतलं एक मी निवडलं असतं." मग माझ्याकडे वळून, "अजूनही जाऊ शकते. अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे. तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "मी तिथे एकवीस वर्षं आहे. मी असताना तुला काय होणार?"

तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. "बरं. तू आहेस म्हणून तिथेच. पण तो सलाईनचा सही केलेला कागद फाडून टाक. लागलाच तर नवा वाचून सही करीन."

"फाडते," मी म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कपाट उघडलं. भाचीची फाइल काढली. तो कागद काढला तर संच सातचा होतो, आणि अनुक्रमांक तुटतो. मॅडमच्या हिशेबनीसाकडून दर महिन्याला फाइलींची तपासणी होते. अपुरी फाइल माझ्या नावाने परत येते. माझ्या नावाने आजवर एकही आलेली नाही.

राहू दिला. तारीख घालणारी मीच. नाही घालायची, झालं.

४ मार्च, मंगळवार

फळ्यावर सलाईनच्या पाच बाया. मोठ्या सिस्टर जेवायच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बसल्या, चपला काढून पाय दाबत.

"बाई, पोटाला लावायचे पट्टे दोन, बाया पाच, मी एक. कुणाचे ठोके ऐकू आणि कुणाचे नको?"

"लेखी द्या."

"देते की. वाचणार कोण? तुम्ही भोक पाडून फाइलला लावणार."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

पूर्वी सलाईनच्या दोन किंवा तीन बाया असायच्या. मॅडमनी नवीन मजला बांधल्यापासून पाच असतात. कामाचा उरक वाढला आहे.

११ मार्च, मंगळवार

आज लिहीत नाही.

१२ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

काल सकाळी दहाला भाची आणि जावई आले. पहाटेपासून बारीक कळा येत होत्या, लांब लांब. ती हसत होती. मला म्हणाली, "मावशी, हे बाळ मंगळवारीच यायचं म्हणतंय. तुमच्या मॅडमनी फितवलं वाटतं."

फळ्यावर आधीच पाच नावं होती. माझ्या टेबलापुढे नोंदणीची रांग. मॅडम बोळातून जाता जाता म्हणाल्या, "बाई, हिचे कागद पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हटलं.

एकवीस वर्षं हे उत्तर देत आले आहे. प्रश्न संपायच्या आत तोंडातून निघतं.

मग सिस्टर फाइल न्यायला आल्या, मॅडमनी सलाईन लावायला सांगितलं होतं. मी फाइल उघडली, सलाईनचा कागद काढला आणि तारीख घातली. विसरले, असं लिहिणं सोपं आहे. मी विसरले नव्हते. नाव वाचलं होतं. तिला फाडते म्हटलं होतं, तेही आठवलं. मनात आलं, कळा तर आल्याच आहेत, आता काय बिघडतंय, आणि रांगेतली बाई "माझं तपासणीचं पुस्तक, माझं पुस्तक" करत होती. पेन हातात होतंच.

जावयाला सिस्टरनी कपड्यांची पिशवी आणायला घरी पाठवलं. सलाईन लावताना भाचीने विचारलं, "यात काय आहे?" सिस्टरना सहा बायांकडे बघायचं होतं. त्या म्हणाल्या, "ताकद येते, बाळा." फाइलमध्ये संमती होती, तारखेसकट. त्यांनी आणखी काय समजावायचं?

एकच्या सुमारास मी डोकावले. तिने माझा हात धरला. घामाने भिजली होती.

"मावशी, मध्ये थांबतच नाही. श्वास घ्यायला जागाच नाही."

"पहिलं बाळंतपण असंच असतं," मी म्हटलं. हात सोडवून घेतला. टेबलावर कुणी नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या बाईचा पट्टा काढून तिला लावला. मी बोळात होते. ते ठोके मी हजारो वेळा ऐकलेत, घोड्याच्या टापांसारखे. हे चालत होते. मग थांबत थांबत चालत होते. सिस्टरनी सलाईन बंद केलं आणि मॅडमना हाक मारली. ती हाक मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

भूलतज्ज्ञ इमारतीत होते. तेवढं एक खरं ठरलं. पंचवीस मिनिटांत ऑपरेशन झालं. मुलगी. रडली नाही. मोठ्या इस्पितळाची गाडी आली तेव्हाही रडली नव्हती.

१४ मार्च, शुक्रवार

काल भाचीलाही तिकडे हलवलं. सकाळी जावयाचा फोन आला.

"मावशी, बाळाला रात्री झटके आले. इथले डॉक्टर विचारतायत, कळा वाढवायचं औषध दिलं होतं का, केव्हापासून, किती. ही म्हणते दिलंच नाही. फक्त ताकदीचं सलाईन होतं म्हणते. तुम्ही होतात ना तिथे?"

"होते."

"मग?"

"बघून सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बघायची गरज नव्हती. सिस्टरचा तक्ता माझ्यासमोरच होता.

अकराला मॅडम आल्या. दार लावलं. चेहरा उतरला होता, तीन दिवस झोप नसावी. म्हणाल्या, "बाई, तुमचंच माणूस आहे, मला का कळत नाही? पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. सिस्टरचा तक्ता घाईतला आहे, खाडाखोड आहे. स्वच्छ करून लिहा. मी सांगते."

मी कोरा तक्ता घेतला. त्या सांगत गेल्या. औषध सुरू, बारा वाजता. मी लिहिलं. ठोके, साडेबारा, व्यवस्थित. मी लिहिलं. माझं अक्षर सुरेख आहे, सगळे म्हणतात. दोन ओळी झाल्या.

"पुढे," मॅडम म्हणाल्या.

"हात दुखतोय," मी म्हटलं. "दुपारी करते."

हात दुखत नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन फोनसमोर बसले. केला नाही. खरं सांगितलं, तर भाचीला कळणार की तो कागद मी फाडला नाही. तेवढ्यासाठी केला नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी सातला जावयाला फोन केला. सांगितलं, औषध दहा वीसला सुरू केलं, तीनदा वाढवलं, वेळा लिहून घ्या. त्याने लिहून घेतल्या. पेनाचा आवाज येत होता.

"मावशी, हे काल सांगितलं असतं तर?"

"काल सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

फोन मीच ठेवला.

१७ मार्च, सोमवार

झटके औषधाने थांबले. दूध नळीतून. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की आत्ता काही म्हणता येत नाही, मान धरेल केव्हा, बसेल केव्हा, ते बघत जायचं.

आज दिवसभर कपाटासमोर बसले. गेल्या वर्षीचे सलाईनचे कागद काढले. माझ्या हातची तारीख असलेले एकशे त्र्याऐंशी. प्रत्येकीने सही केली होती, माझ्यासमोर, रांग मागे असताना. त्यातल्या कितीजणींना कशावर सही केली ते माहीत होतं, मला सांगता येत नाही. मी एकीलाही विचारलं नव्हतं. कितीजणी हो म्हणाल्या असत्या? पुष्कळ म्हणाल्या असत्या. ते आता कुणालाच कळणार नाही.

मॅडमनी दोनदा तक्त्याचं विचारलं. दोनदा "होतोय" म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

सकाळी मॅडमच्या टेबलावर कपाटाच्या किल्ल्या आणि राजीनामा ठेवला. त्यांनी राजीनामा वाचला. "तुम्हाला वाटतं, मी मुद्दाम केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मीही मुद्दाम केलं नाही. पण केलं."

"मग आता काय, मला बुडवून तुम्ही तरणार?"

"मला पोहता येत नाही, मॅडम."

तिथून शिवणवालीच्या घरी गेले. नवऱ्याने दार उघडलं. ती आत मशीनपाशी बसली होती, मशीन बंद. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. संमतिपत्राची झेरॉक्स आणि माझ्या सहीची चिठ्ठी दिली: तारीख मी ३ फेब्रुवारीला, मागाहून घातली. नवऱ्याने चिठ्ठी वाचून तिच्याकडे दिली. तिने दोनदा वाचली. "म्हणजे मला वेड लागलेलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. मला बसा म्हणालं नाही कुणी. म्हणायचं कारणही नव्हतं.

मग मोठं इस्पितळ. नवजात विभागाबाहेरच्या बाकावर भाची होती. टाके असल्याने एका अंगावर रेलून बसली होती. मी फाइल दिली. तिने उघडली आणि पहिल्या कागदापासून वाचायला लागली. आठही कागद वाचले, सावकाश, बोट फिरवत. मी उभी होते. जावई पाणी घेऊन आला, तोही उभाच राहिला.

चौथ्या कागदाकडे ती पुन्हा आली.

"हा फाडते म्हणाली होतीस."

"हो."

"का नाही फाडलास?"

"संच अपुरा दिसला असता."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची आई रागावली की असंच बघायची, पण हा राग नव्हता. लिफ्टच्या दोरखंडाकडे ती अशी बघत असेल, कुठून तुटला ते शोधत.

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, की म्हटलंच नसेल."

"म्हटलं होतंस. मी दारात होते. मी ऐकलं."

"हे लिहून दे."

तिच्याच वहीत, तिच्या प्रश्नांच्या खाली, लिहून दिलं. तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली, एकाच माणसाला आत सोडतात. ती बाकाच्या पाठीला धरून उठली. मी हात पुढे केला. तिने जावयाचा धरला. फाइल काखेत घेऊन आत गेली.

आज भाचीच्या हाती दिलं ते असं:

तिची फाइल, मूळ, आठ कागदांसकट. कपाटात तिची झेरॉक्स ठेवली आहे.

चौथ्या कागदावर ११ मार्च ही तारीख माझ्या हातची, तिच्या नकळत घातलेली. तसं मागे लिहून सही केली.

१८ फेब्रुवारीला तिने कारण नसल्यास कळा आणायला नकार दिला होता, याची साक्ष, तिच्या वहीत, अर्धं पान.

सिस्टरचा तक्ता, मूळ, खाडाखोडीसह. औषध सुरू दहा वीस. वाढवलं अकरा, अकरा चाळीस, साडेबारा. पट्टा लावला दोन दहा. दहा वीस ते दोन दहा या वेळात बाळाचे ठोके ऐकल्याची नोंद नाही.

दुसरा तक्ता, दोन ओळींचा, अपुरा. अक्षर माझं.